टांग्याच्या चाकातले खडे

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हिंगोली स्टेशनाकडे निघालो, तर टांग्याचं चाक सारखं खडखडायला लागलं.

"चाक निखळतंय की काय?" मी घाबरून विचारलं.

म्हातारा टांगेवाला खुशीत म्हणाला, "चाक न्हाई, दगडं बोलून राहिलेत."

चाकाच्या आऱ्यांना त्यानं पत्र्याचा डबा बांधला होता. आत कयाधू नदीत वेचलेले अकीकाचे ओबडधोबड खडे, वाळू आणि पाणी. चाक फिरलं की खडे एकमेकांवर घासून गुळगुळीत होत. एक कान चाकाकडे लावूनच तो घोडा हाकत होता.

"विकणार का?"

"इकल्यावर मंग मी काय बघू?" त्यानं मलाच विचारलं.

एकाएकी खडखड मऊ झाली. त्यानं लगाम खेचला. "झालं वाटतं!"

आम्ही दोघांनी खाली उड्या मारल्या. तेवढ्यात स्टेशनात शिट्टी झाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आधी डबा खोला!" मी ओरडलो.

तळहातावर लालबुंद खडा आला, पोटात दुधासारख्या रेघा! मी तो धोतराला पुसला. वाळताच तो फिका पडला.

"कच्चा हाय अजून," तो म्हणाला. "गाडी तर गेली तुमची. आता कुठं सोडू?"

"नरसीला. ती वाट लांबची आहे," मी टांग्यात चढत म्हणालो.

नरसीला माझं काडीचं काम नव्हतं.