प्रॉम्प्टर जागेवर नसतो तेव्हा

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणत. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर संहिता घेऊन बसायचं आणि कुणी वाक्य विसरलं की प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं ते सुचवायचं. उभी हयात यातच गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोलीवर कुकरची शिट्टी सोडली तर दुसरा आवाज नाही. पण एखादा नट अडला, घाबऱ्याघुबऱ्या विंगेकडे बघायला लागला, की काकांना वाटायचं, चला, आपण कुणाला तरी लागतो. माणूस तेवढ्यावरही तग धरतो हो!

आणि नेमकं तिथंच दुखणं उपटलं. दुसरा अंक रंगात आला की काकांना लघवीची घाई व्हायची. संडास मागच्या अंगणापलीकडे. तिथं जाऊन उभं राहावं, तर धार सुरू होता होत नाही. झाली तरी थेंबथेंब, आणि परत येऊन बसतात न बसतात तोच पुन्हा कळ! एका प्रयोगात नायक ऐन भांडणाच्या प्रसंगात अडला. विंगेकडे बघितलं, तर स्टूल रिकामं. बिचाऱ्यानं खोकून, येरझाऱ्या घालून कशीबशी वेळ मारून नेली.

"काका, होतात कुठे तुम्ही? तोंडाला फेस आला माझ्या!"

"जरा चक्कर आली रे," काका म्हणाले. आता लघवीला गेलो होतो हे सांगायला काय जीभ झडणार होती? पण लाज! त्यांनी भलताच उपाय काढला. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून पाणीच बंद. झालं काय, की लघवीची आग व्हायला लागली, घसा कोरडा ठाक पडला आणि कुजबुजच उमटेना. उन्हाळी सुट्टीआधीचे बाकीचे प्रयोगही तसेच गेले, कधी स्टूल रिकामं, कधी काका मुके. जागा गेली तर दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं, या धास्तीनं शेवटी त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काका आधी गुडघेदुखीबद्दलच बोलत बसले. बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" मग काका घडाघडा बोलले. बाईंनी तपासलं, मग लघवी-रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफीही झाली.

"प्रोस्टेट वाढलीय," बाई म्हणाल्या. "मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती ही गाठीसारखी ग्रंथी असते. वय झालं की बहुतेक पुरुषांची वाढते. पाण्याच्या पाइपवर कुणी पाय ठेवावा, तसं होतं. तपासण्यांत कॅन्सरसारखं काही दिसत नाही. ही गोळी तिथले स्नायू सैल करते, फरक थोड्या दिवसांत कळेल. उठताना मात्र झटकन उठू नका, गरगरेल. दुसरी गोळी ग्रंथी आकसवते, तिला सहा महिने लागतात. गुण दिसत नाही म्हणून मधेच सोडायची नाही. पाणी दिवसा नीट प्या, संध्याकाळी चहा नको. सर्दीचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका, लघवी पार अडकू शकते. आणि अडकलीच, तर तडक इकडे या."

काका गोळ्यांना चिकटून राहिले. महिनाभरात रात्रीची झोप लागायला लागली. उन्हाळी सुट्टीनंतर प्रयोग पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते पहिली घंटा व्हायच्या आतच स्टुलावर हजर. पहिला अंक संपला. दुसरा रंगला. कळ नाही, काही नाही. काकांना गाणं म्हणावंसं वाटलं.

भांडणाचा प्रसंग आला. काका वाक्यावर बोट ठेवून सरसावले. नायक धडाधड बोलत सुटला. जिथं हटकून अडायची, तिथं नायिकाही अडली नाही. कुणाची नजर विंगेकडे वळली नाही.

मध्यंतरात नायक घाम पुसत आला. "काका, आम्ही सुट्टीत रोज जमून सगळं पाठ केलं. तुमची तब्येत बरी नसते ना, म्हणून म्हटलं तुम्हाला त्रास नको. आता तुम्ही निवांत बसा. हवं तेव्हा खुशाल बाहेर जाऊन या." पोरगा मनापासून बोलत होता हो, म्हणूनच ते जास्त लागलं.

"मी आता बरा आहे रे," काका म्हणाले. पण तोवर त्याला मेकअपवाल्यानं हाक मारली होती.

तिसरा अंक सुरू झाला. काका सावकाश उठले. लघवीला लागली नव्हती, तरी अंगणात जाऊन उभे राहिले. दार किलकिलं ठेवून कान लावला. त्यांना एवढंच हवं होतं, आत कुणीतरी एकदा अडावं. आतून वाक्यामागून वाक्य येत राहिलं, मग टाळ्या आल्या, आणि काकांना शोधायला कुणीच बाहेर आलं नाही.