पहिली गाठ

दुसऱ्याच्या झाडावर करवत चालवताना कुआंग शोउतिएनचा हात कधी थरथरला नाही. चेंगदू शहराजवळच्या वनजियांगच्या रोपवाटिकांमध्ये त्याची ख्यातीच तशी होती. कुणी रस्तारुंदीत जाणारं, कुणी पाडलेल्या घराच्या अंगणातलं, मांडीएवढ्या खोडाचं झाड घेऊन यायचं आणि म्हणायचं, याचं बोन्साय करून दे. कुआंग झाडाभोवती एक फेरी मारायचा, गुडघ्याच्या खाली खडूने रेघ ओढायचा आणि मालकाचा चहा संपायच्या आत वरचं सगळं जमिनीवर आडवं झालेलं असायचं. मालकाचा चेहरा पडला की सांगायचा, "दुखतं तिथंच कापायचं. झाड बुंध्यात असतं, वर नुसती गर्दी." लोक हे वाक्य चारचौघांत सांगत. त्याची बायको रुइचिंग मात्र म्हणे, शहाणपण दुसऱ्याच्या अंगणात फार जोमानं उगवतं.

यावर तो हसून करवत पुसायला घेई. चेंगदूकडचे नवरे मऊ कानाचे, बायको ओढेल तिकडे वळणारे, ही चेष्टा जुनीच आहे. कुआंगचे कान तर वाफवलेल्या पावापेक्षा मऊ, असं चहाच्या दुकानातला थांग म्हातारा सगळ्यांदेखत म्हणायचा. कुआंगला राग येत नसे. बायको शहाणी असली तर कान मऊ असण्यात तोटा कसला, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. आयुष्यात एकदाच तो बायकोला न विचारता वागला. ही त्या एकदाचीच गोष्ट आहे.

त्यांचं लग्न जुळलं ते झाडांमुळे. आपल्या ताम्हणाचं एक धाकटं भावंड तिकडे घरोघरी असतं. साल गुळगुळीत, फुलं चुरगळलेल्या रेशमासारखी, आणि बहर तीन महिने हटत नाही. खोडावर नख फिरवलं की शेंड्याची पानं थरथरतात, म्हणून गावात त्याला गुदगुल्यांचं झाड म्हणतात. रुइचिंगचे वडील मू उस्ताद ही झाडं विणत. चोवीस कोवळी रोपं वर्तुळात लावायची, वाढतील तशी एकमेकांवरून तिरकी वळवायची, काथ्याने बांधायची आणि काही वर्षांत दोन पुरुष उंचीची जिवंत फुलदाणी उभी करायची. दोन रोपं जिथं एकमेकांवर येतात तिथली साल खरवडली की ती पुढे एकजीव होतात. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने आत उभं राहून रोपं धरायची, दुसऱ्याने बाहेरून गाठ मारायची. धरणारा नसेल तर गाठ मारायचीही नाही आणि सोडायचीही नाही, असा उस्तादांचा कायदा होता.

कुआंग त्यांच्याकडे कामाला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. उस्तादांचे गुडघे तेव्हाच गेलेले, म्हणून आत उभी राहायला रुइचिंग आली. नव्या फुलदाणीची पहिली गाठ त्या दोघांनी मारली. उजवं रोप त्याने लावलेलं, डावं तिने. इतक्या जवळून काहीतरी बोलायला हवं, आणि बोलायला तर काही सुचेना, म्हणून कुआंगने शेजारच्या मोठ्या झाडावर नख फिरवलं. वरची पानं हलली. रुइचिंग म्हणाली, "त्याला होतात गुदगुल्या. तुला होतात का?" कुआंग कानापर्यंत लाल झाला आणि काथ्या शोधायला लागला. काथ्या त्याच्या हातातच होता. वर्षभरात लग्न झालं, पण त्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

ती फुलदाणी उस्तादांनी विकली नाही. तेहतीस वर्षं ती बागेच्या मधोमध उभी राहिली आणि दर उन्हाळ्यात तिच्या गळ्याशी गुलाबी गर्दी व्हायची. मग वरून हुकूम आला, की या जमिनीत पुन्हा भात पिकवायचा आहे, नव्या वर्षाच्या सणानंतर सगळी झाडं हलवा. बाकीची रोपं गेली कुठं ना कुठं. फुलदाणीला कुणी घेईना. बागवाले म्हणाले, असल्या फुलदाण्यांची हौस आता लोकांची फिटली. ट्रकवाला म्हणाला, पुलाखालून जाणार नाही. लेकीने शहरात सातव्या मजल्यावर त्यांच्यासाठी घर पाहिलं होतं, त्याला चार पावलांची गॅलरी होती.

रुइचिंग रडली नाही. तिने एवढंच सांगितलं, "जायची तर जाऊ दे. पण माझ्यासमोर जाऊ दे." कुआंग हो म्हणाला.

पोकलेन सोमवारी यायचं ते शनिवारीच येऊन उभं राहिलं. रुइचिंग त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. चालक म्हणाला, अर्धा तास थांबतो, जास्त नाही. फोन खिशात होता. बहिणीचं गाव तासाभरावर. विनवलं असतं तर चालक थांबलाही असता. पण कुआंगने स्वतःची समजूत घातली, की तिला हे बघवणार नाही, तिला त्यातून वाचवू. शिवाय त्याच्या मनात एक बेत घोळत होता. त्याने बुंध्याशी बसून पहिली गाठ शोधली. ती आता मुठीएवढी झाली होती. तिच्या वर वीतभर जागा सोडून त्याने ती दोन्ही खोडं कापली, उरलेली बावीस यंत्रावर सोडली. गाठीखालची मुळं सपाट छाटली, ओल्या पोत्यात गुंडाळली, लाकडी खोक्यात नदीची वाळू भरून तीत रोवली आणि जखमांवर मेण चोपडलं. इतकं नेटकं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

संध्याकाळी रुइचिंग बहिणीने दिलेलं धुरावलेलं मांस घेऊन परतली. मोकळ्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिली, मग खोक्याकडे वळली.

"धरायला कोण होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

ती आत गेली. नव्या घरात आल्यावर ती मिठाबद्दल बोलायची, लेकीबद्दल बोलायची, लिफ्टच्या आवाजाबद्दल तर भरभरून बोलायची. खोकं ठेवलं होतं त्या गॅलरीत मात्र तिने पाऊल टाकलं नाही. ओले कपडेसुद्धा न्हाणीघरात वाळत घालायची. कुआंगला कळायचं ते कळलं.

आता सगळी भिस्त त्या खोक्यावर होती. गाठीला पालवी फुटली तर रुइचिंग गॅलरीत येईल, आणि नाही फुटली तर तेहतीस वर्षांचं सगळंच आपण एका सकाळी एकट्याने कापलं, असा त्याचा हिशोब झाला होता. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस येऊन गेला, खालच्या रस्त्यावरची झाडं हिरवी झाली, खोक्यात काही हलेना. गिऱ्हाइकांना तो नेहमी बजावायचा, की हे झाड महाआळशी, पाचव्या महिन्यात होड्यांच्या शर्यतीचा सण येईपर्यंत थांबा, मग काय रडायचं ते रडा. स्वतःला मात्र त्याला थांबवेना. आत हिरवं आहे का बघायला त्याने एके दिवशी नखाने साल खरवडली. डाव्या खोडावर हिरवं दिसलं. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा खरवडली. उजव्या खोडावर तपकिरी दिसलं, म्हणून आणखी खाली, मग आणखी. महिन्याभरात ती दोन्ही खोडं बकरीने चाटून-चावून टाकल्यासारखी झाली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला दारातून हाकललं असतं.

एका सकाळी तो असाच नख लावून बसला होता आणि मागे रुइचिंग उभी होती. कधी आली ते त्याला कळलंच नाही. तिने त्याचा हात ओढून नखं बघितली.

"खाजवून कुणी जागं होत नसतं," ती म्हणाली.

कुआंगने मान वर केली नाही. "तुला बघवणार नाही म्हणून कापलं असं मी मनाला सांगतो ना," तो म्हणाला, "ते खोटं आहे गं. तू समोर असतीस तर माझ्याच्याने करवत चालली नसती. मला माझी लाज वाटत होती, म्हणून तुला बोलावलं नाही."

खाली भाजीवाल्याचा कर्णा वाजून गेला. तिने त्याचा हात सोडला. मग म्हणाली, "सणापर्यंत हात लावायचा नाही. पाणी मी घालीन." आणि त्या दिवसापासून कपडे गॅलरीत वाळू लागले.

सणाच्या दिवशी तिने दाराला नागदवण्याच्या वासाळ पाल्याची जुडी बांधली आणि पानात चिकट भाताचे मुटके बांधायला बसली. कुआंग गॅलरीत गेला आणि तिथंच खाली बसला. डाव्या खोडावर, गाठीच्या वर आणि खाली, तांदळाएवढे लाल कोंब फुटले होते. त्याने सात मोजले. उजवं खोड शेंड्यापासून बुडापर्यंत वाळलेलं होतं. डावं तिचं, उजवं त्याचं. त्याला इतका आनंद झाला, की त्यामागोमाग आलेलं वाईट वाटणं त्याने सहज गिळून टाकलं.

मेलेलं खोड ठेवलं तर कूज जिवंत खोडात शिरते, म्हणून ते बुडापासून काढायचं, हा नियम त्यानेच शेकडो जणांना शिकवलेला. त्याने खडूने रेघ ओढली, करवत लावली आणि उचलली.

"रुइचिंग," त्याने हाक मारली, "येतेस का? धरायला कुणी नाही."

ती हाताला भात चिकटलेला तशीच आली. कोंब बघितले, रेघ बघितली, आणि दोन्ही हातांनी खोड धरलं. "एवढं खाली नको. गाठीच्या वर काप."

"अगं, बोन्सायच्या शिस्तीत बसणार नाही. कुबडं दिसेल."

"दिसू दे. तेहतीस वर्षं टेकून उभा आहेस, आता कुठं निघालास?"

त्याने गाठीच्या वर कापलं. कूज पसरू नये म्हणून उरलेलं मेलेलं लाकूड कोरून चुना भरला, तेव्हाही ती धरून होती. फांद्या दाट व्हाव्यात म्हणून नवे कोंब दोन पानांवर खुडायचे असतात. फुलं मात्र न खुडलेल्या शेंड्यालाच येतात. यंदा खुडायचं नाही असं तिने ठरवलं आणि मऊ कान हलले. महिन्याभरात कोंब हातभर लांब लोंबायला लागले. बोन्साय म्हणून कुणी त्याला दारात उभं केलं नसतं.

एका दुपारी कपडे काढता काढता रुइचिंग खोक्यापाशी वाकली आणि गाठीखाली बोट फिरवलं, नख न लावता. वरची पानं थरथरली.

"अजून होतात," ती म्हणाली. मग वळून त्याच्याकडे बघितलं. "तुला होतात का?"

"होतात," कुआंग म्हणाला.