पाकोळ्यांच्या मागोमाग घरी आलेला काका

काका काल गेला, घरातल्या खाटेवर, आणि आम्हाला हायसं वाटलं.

वाईट दिसतं असं लिहिणं. पण एडवणमधल्या मच्छीमारांच्या कुठल्याही घरात विचारा, समजून घेतील.

आजोबांची होडी परत आली होती. आजोबा नाही आले.

तेव्हापासून आमच्याकडे बोटीवर निघालेल्याला "कधी येशील?" असं विचारत नाहीत. काकीने संसारभर हा प्रश्न गिळला.

काका एकदा वेंगुर्ल्याच्या बाजूला मासेमारीला गेला होता. तिथल्या बेटावर गुहेत पाकोळ्या राहतात, थुंकीने घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप पितात म्हणे.

काका म्हणायचा, "थुकीचा सूप? आपला बोंबील काय वाईट हाय?"

त्या फेरीत एक दिवस सगळं धुरकटलं. जीपीएस बंद. किनारा कुठे, कळेना.

पाण्यालगत पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. पाण्यावर पक्षी म्हणजे खाली मासळी, हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं. बोट चालवणाऱ्या तांडेलने अशा संकटातही जाळं टाकायला लावलं!

मिळालं काय? शेवाळ. त्या बिचाऱ्या हवेतले किडे खात होत्या.

सगळे तांडेलवर उखडले. काका मात्र पाकोळ्यांकडेच बघत राहिला. दिवस कलला तशा त्या घिरट्या सोडून एकाच दिशेने सरळ निघाल्या.

"तांडेल, बोट यांच्या मागनं घे."

"येड लागलं काय तुला?"

"अरे, या पान्यावर बसत नाय, बोटीवर बसत नाय. दिवसभर कितीबी लांब जाऊदे, रातीला घरट्यातच जानार. आपल्यालाबी तेच पायजे."

बेटावरचं दीपगृह दिसलं तेव्हा तांडेल ढसाढसा रडला. काका दरवेळी त्याची नक्कल करून दाखवायचा, आणि नक्कल करता करता स्वतःच डोळे पुसायचा.

काल बोईसरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हात टेकले. काका मला म्हणाला, "पोरी, दिवस कलायच्या आत घरी ने."

मी भांडून डिस्चार्ज घेतला. एमआयडीसीच्या ट्रकांमागे ॲम्ब्युलन्स अडकली. मी खिडकीतून उन्हाकडे बघत होते आणि जीव नुसता टांगणीला लागला होता. वाटेतच काही झालं असतं तर काकीला काय तोंड दाखवलं असतं?

पोचलो तेव्हा अंगणात ऊन होतं.

दारातून आत नेताना तो म्हणाला, प्रत्येक फेरीवरून आल्यावर म्हणायचा तेच.

"आलो गं."

काकीने पेज भरवली. दोन घोट गेले. दिवेलागणीला तो गेला, तिचा हात हातात धरून.

आज सगळं आटोपल्यावर काकी मला म्हणाली, "आता मनातबी इचारायला नको, कवा येशील म्हनून."

आणि भर दुपारी गाढ झोपली. मी तिला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काका, पोचलास रे. आता निवांत राहा.

आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.