मुरादभाईंचा घसा बसला

मुरादभाईंचा घसा बसला तो सव गावातल्या क्रिकेट सामन्यात. गावची पोरं हरायला आली म्हणून हा साठीचा गडी सीमारेषेवर उभा राहून असा काही ओरडला की पोरं जिंकली, पण दुसऱ्या दिवशी याच्या गळ्यातून हवेशिवाय काही निघेना. बायकोने, शगुफ्ताने, ज्येष्ठमधाचा काढा पाजला आणि वर चार शब्द सुनावले. बिचाऱ्याला उलट उत्तर द्यायचीही सोय उरली नव्हती!

पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. मुरादभाई म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीत अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांचा कायदा एकच, हुकूम एका तोंडाचा. "येऊ दे" म्हणणार ते फक्त मुरादभाई. "थांब" मात्र कोणीही म्हणावं, आणि म्हणणाऱ्यावर कोणी चिडायचं नाही. या कायद्यामुळे टोळीत आजवर कोणाचं बोटसुद्धा चेचलं नव्हतं.

आणि आज दहा टनांचा ट्रान्सफॉर्मर दारात! क्रेनने तो शेडबाहेर उतरवला. आत क्रेन मावेना, म्हणून पुढे लोखंडी पाइपांवरून, विंचच्या दोराने ओढत चौथऱ्यापर्यंत न्यायचा होता. भोवती लाल-पांढरी पट्टी बांधून झाली. कारखान्याचे विनीतसाहेब म्हणाले, "हाताने खुणा करा ना." मुरादभाईंनी मानेनेच नाही म्हटलं. पाइप सरकवायला वाकलेल्या माणसाला खूण कुठली दिसायला? त्याची सगळी भिस्त कानांवर.

मग त्यांनी बोट दाखवलं ते टोळीतल्या शिवथरच्या गणूकडे. टोळी खो-खो हसली. गणू कामाला वाघ, पण बोलायला लागला की नमनालाच घडाभर तेल. वेळ विचारली तर घड्याळ कुठल्या मामाने दिलं तिथून सुरुवात करणार.

"भाई, मला नाय जमायचं," गणू म्हणाला.

मुरादभाईंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. मनात मात्र धाकधूक होती. याचा एक शब्द उशिरा पडला तर कोणाचा तरी हात जायचा.

"येऊ दे," गणू म्हणाला. विंच फिरली, ट्रान्सफॉर्मर वीतभर सरकला. मागचा पाइप काढून पुढे घातला. "येऊ दे." बस्स, एवढंच. आईशप्पथ, वर एक शब्द नाही!

चौथऱ्याजवळ पुढचा पाइप मुरादभाईंना तिरका वाटला. राहवेना. सवयीने ते आत शिरून वाकले.

"थांब!"

विंच जागच्या जागी थांबली. "भाई, पट्टीच्या भायेर जा," गणू म्हणाला.

मुकादमाला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मुरादभाईंचे कान तापले. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट थेट पाइपाच्या वाटेत होता.

मुकाट्याने ते पट्टीबाहेर गेले. तिथून त्यांना आपली टोळी पहिल्यांदाच अख्खी दिसली. गणूच्या शब्दासरशी सगळे वाकत होते, सगळे हात काढून घेत होते. मुरादभाईंचा ऊर आनंदाने भरून आला.

ट्रान्सफॉर्मर चौथऱ्यावर बसला आणि गणूचं तोंड सुटलं, ते चहा निवला तरी बंद होईना.

पुढच्या कामाच्या सकाळी मुरादभाई अंगणातून "शगुफ्ता, डबा!" असे गरजले की शेजारचं झोपलेलं कुत्रं उठून पळालं. घसा ठणठणीत झाला होता.

कारखान्याच्या गेटवर गणूने काळजीने विचारलं, "भाई, घसा कसा हाय?"

मुरादभाईंनी गळ्याला हात लावला, नकारार्थी मान हलवली आणि सरळ जाऊन पाइपाशी वाकले.