इंग्रजीतली मैत्रीण

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, पोराला नाही. परळीला वैजनाथासमोर हात जोडून उभी राहते तेव्हा त्यालाही नाही — तिथं मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते आणि बाहेर पडते. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बरं वाटतंय. मधेच हसू आलं तर हसा. मलाही येतं. पण हसू आलं म्हणून केलेलं काही कमी होत नाही, एवढं मला कळतं.

मी सिरसाळ्याची. समोर आमचं कापडाचं दुकान, मागं घर. मुलगा महेश बंगळूरला नोकरीला, तिथंच त्यानं आपलं लग्न जमवलं. सून लीना, केरळची. पोरगी गोड, पण तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती आणि हिंदी दोघींचीही मोडकी. पहिल्यांदा घरी आली तेव्हा आम्ही समोरासमोर बसून नुसत्या हसत होतो. माणूस हसून हसून किती हसणार? संध्याकाळपर्यंत माझे गाल दुखायला लागले.

मग तिनंच मार्ग काढला. महेशकडून मला समजावून सांगितलं की आईंनी रोज मोबाईलवर चार ओळी इंग्रजीत लिहायच्या. आज काय केलं, काय खाल्लं, काय आवडतं, कोण भेटलं. चुकलं तर ती दुरुस्त करणार. बोलणंही होईल आणि इंग्रजीही सुधारेल. मी दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत पास झाले होते — कशी झाले ते विचारू नका. तरी मला हे फार आवडलं. दुपारी मालक जेवून आडवे झाले की मी गल्ल्यावर बसून लिहायची. एकेक अक्षर शोधून दाबायची. चार ओळींना चहा निवून जायचा.

आणि इथंच सुरुवात झाली. खोटं बोलायचं ठरवून बोलले का? नाही — निदान तेव्हा तरी नाही. जे घडायचं त्याला माझ्याकडं शब्द नसायचे आणि ज्याला शब्द असायचे ते घडलेलं नसायचं. मग ज्याचं स्पेलिंग येतं तेच मी लिहायची. पिठलं-भाकरी खाल्ली तरी लिहिताना भात खायची. एखादी बाई निम्मी दुपार साड्या उलगडायला लावून काहीच न घेता निघून गेली, की मी लिहायची, "टुडे वन लेडी केम. शी इज ब्युटिफुल." पुढचं जे मनात असायचं ते इंग्रजीत कसं लिहितात, कुणाला ठाऊक?

आणि मग कौसा.

कौसा आमच्या शेजारची. दोन म्हशी, दुधाचा रतीब, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं दचकून बघावं. आमच्या न्हाणीचं पाणी तिच्या दारावरून जातं, त्यावरून आमची वर्षानुवर्षं जुंपलेली. लीनानं एकदा विचारलं, तुमच्या शेजारी कोण राहतं? मी कौसाचं नाव लिहिलं आणि अडले. भांडणाला इंग्रजीत काय म्हणतात? आठवेना. शाळेतलं एक वाक्य तेवढं आठवलं, तेच लिहून टाकलं — "शी इज माय गुड फ्रेंड." त्याच दिवशी सकाळी कौसानं माझ्या माहेराचा उद्धार केला होता.

लीनाला फार आनंद झाला. मग रोज विचारायची, तुमची मैत्रीण कशी आहे? मी लिहायची, कौसा इज हॅपी. कौसा इज काइंड. एकदा लिहिलं, "कौसा गिव्ह्ज मिल्क." ते लीनानं दुरुस्त केलं — दूध म्हैस देते, कौसा विकते.

इंग्रजीत मी फार सालस बाई होते हो. मलाच ती आवडायला लागली होती.

मग एक दिवस लीनानं विचारलं, तुम्हाला कोणता प्राणी आवडतो? खरं तर मला कुठलाच आवडत नाही, आणि मांजर तर मुळीच नाही. पायात पायात येतं, दिसेल त्याला तोंड लावतं. पण 'कॅट'चं स्पेलिंग कुणालाही येतं. मी लिहिलं, "आय लाइक कॅट." वाक्य फारच छोटं वाटलं म्हणून पुढं "व्हेरी मच" जोडलं.

दिवाळीला महेश आणि लीना गाडीनं आले ते मांजर घेऊनच. पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं, निळ्या डोळ्यांचं. नाव लिली. लीनानं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचेच डोळे भरून आले. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी "थँक्यू" म्हणाले.

ते दोघं गेले, लिली राहिली. बघायला अर्धा सिरसाळा येऊन गेला. मालक तिला लिलाबाई म्हणायला लागले आणि चहाची बशी तिच्याबरोबर वाटून घ्यायला लागले. ती झोपायची साड्यांच्या गठ्ठ्यांवर. काळ्या ब्लाउजपीसवरचा पांढरा केस गिऱ्हाईक चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवायचं. मराठीत मी तिला "सरक मेले" म्हणायची आणि इंग्रजीत "माय स्वीट गर्ल". पण एक सांगते, माझं इंग्रजी सुधारलं ते तिच्यामुळंच. तिच्याबद्दल रोज लिहावं लागायचं ना.

कौसालाही ती सोसत नव्हती. लिलीनं एकदा तिच्या दुधाच्या भगुन्यात तोंड घातलं तेव्हा कौसा भर गल्लीत ओरडली, "येक दिवस पोत्यात घालून सोडून येते बग हिला." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. आणि मला — कसं सांगू — मला ते पटलं.

लग्नसराईत एका नवरीसाठी मागवलेला शालू लिलीनं नखांनी ओढून पदरापाशी उसवला. त्या दुपारी मालक झोपल्यावर मी तिला कापडी पिशवीत घातलं आणि निघाले. परळी रोडला गावाबाहेर कापसाचं एक जिनिंग आहे. त्याच्या मागच्या भिंतीशी पिशवी उघडली. लिली बाहेर आली, पंजा चाटत बसली, मग माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर मी तिला परत घेतलं असतं का? माहीत नाही. ती ओरडली नाही. मी मागं न बघता निघाले — नाही, एकदा बघितलं. ती तिथंच बसली होती.

संध्याकाळी लीनाला लिहिलं, "लिली वेंट आउट. शी डिड नॉट कम बॅक. आय अ‍ॅम व्हेरी सॅड." बऱ्याच वेळानं उत्तर आलं. आधी नुसते रडके चेहरे. मग लिहिलं होतं — आई, तुमचं एकही वाक्य चुकलेलं नाही.

माझं पहिलं बिनचूक इंग्रजी ते. आणि ते हे.

मला वाटलं, पोरगी दोन दिवस रडेल आणि विसरेल. ती रजा काढून एकटीच निघाली आणि सिरसाळ्यात येऊन उतरली. वाटेत एक वाक्य मराठीत पाठ करून आली होती — "माझं मांजर हरवलंय, तुम्ही बघितलं का?" मोबाईलवर फोटो दाखवत घरोघर तेच विचारत फिरली. लोक लांबलचक उत्तरं द्यायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, तरी हात जोडून पुढच्या दारी जायची. गावानंही मनावर घेतलं. बाजारात, बसस्टँडवर, हॉटेलात, जो तो पत्र्यांवर आणि गाड्यांखाली मांजर शोधायला लागला. मीही शोधत होते. खाली वाकून "लिली, लिली" करत होते. विचार करा.

आता जे सांगायचंय ते हे. गल्लीत कुजबुज सुरू झाली की हे कौसाचंच काम. तिनंच तर पोत्याची भाषा केली होती. एक बाई मला थेट विचारायला आली, कौसानंच केलं असंल का हो? मी काय म्हणाले असेन? हो म्हणाले नाही. मी उसासा टाकला आणि म्हणाले, "आता कुनाचं नाव घ्यावं, बाई."

हो म्हणण्यापेक्षा हे वाईट होतं. म्हणताना मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन घरांनी कौसाचं दूध बंद केलं. त्या सकाळी पहिल्यांदाच तिचा आवाज गल्लीत आला नाही. आणि दुपारी लीना उठली आणि सरळ कौसाच्या घराकडं निघाली. मला वाटलं, झालं, आता ही तिला जाब विचारणार. मी दुकानाच्या पायरीवर उभी. तर लीनानं काय करावं? कौसाच्या गळ्यात पडून ती रडायला लागली. कौसा हातातलं शेण तसंच धरून खांबासारखी उभी. लीना आपल्या मोडक्या भाषेत सांगत होती, "आई रोज लिहिते. कौसा गुड फ्रेंड. कौसा व्हेरी काइंड." मग मोबाईल काढून तिनं एकेक दाखवलं. कौसाला इंग्रजी कुठलं यायला? पण स्वतःचं नाव ऐकू येत होतं, आणि 'फ्रेंड' म्हणजे काय ते तिलाही कळत होतं.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी आत गेले.

संध्याकाळच्या आत कौसा लिलीला घेऊन आली. पदरात गुंडाळलेली, अंगभर सरकी आणि काडीकचरा. कुणीच गेलं नव्हतं तिथं ती गेलती — जिनिंगमध्ये. कापसाच्या ढिगावर लिली झोपलेली, पांढऱ्यात पांढरी. जांभई दिली तेव्हा तोंडातल्या लालीवरून दिसली म्हणे. तिथला वॉचमन तिला बिस्किटं घालत होता. लीनानं आधी मांजराचे मुके घेतले, मग कौसाचे. ज्यांनी दूध बंद केलं होतं ते भांडी घेऊन आले.

सगळे पांगल्यावर कौसा माझ्याशी हळू आवाजात बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हळू.

"वॉचमननं सांगितलं मला, कोन सोडून गेलतं ते."

मी दुकानाचं दार पुढं ओढलं.

"मी न्हाई सांगत कुनाला," ती म्हणाली. "पन मला येक सांग. ते माज्याबद्दल लिहितीस, ते मनापासून लिहितीस का?"

तिथं खरं बोलता आलं असतं. अगं कौसा, मला भांडणाचा इंग्रजी शब्द येत नव्हता, बाकी काही नाही — एवढंच तर होतं. पण तिचं तोंड असं झालं होतं... मी म्हणाले, "मनापासून."

मांजर सोडलं, आळ येऊ दिला, ते एका बाजूला. ते तिला माहीत आहे, आणि तिनं पोटात घातलं. पण ज्याच्या जोरावर पोटात घातलं, तेच खोटं होतं. ते मी तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगितलं. भीतीनं सांगितलं, दयेनं नाही.

लीनाला अजून काहीच माहीत नाही. लिली आहे, जाड झाली आहे, मला ती अजूनही आवडत नाही. न्हाणीचं पाणी कौसाच्याच दारावरून जातं, पण आता ती स्वतःच खराटा मारून वाट करून देते. दुपारी दुकानात येऊन बसते. आम्ही खूप हसतो. ती मैत्रीण झाली का? झाली. पण आधी नव्हती, आणि ती समजते की होती.

गेल्या महिन्यात आष्टीला तिच्या भाचीचं लग्न होतं. हट्टानं मला घेऊन गेली. जेवणाच्या पंगतीत तिनं माझा दंड धरून सगळ्या माहेरच्यांना सांगितलं, "ही आमची शेजारीन. आमी रोज भांडत होतो, तवाबी ही माज्याबद्दल इंग्रजीत चांगलंच लिहायची." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. तिच्या म्हाताऱ्या आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणीतरी आग्रहानं ताटात आणखी एक जिलेबी वाढली.

मी खाली बघून ती खाल्ली.