पलंगापासून संडासापर्यंत

आमच्या नेहरू नगरच्या घरात पलंगापासून संडासापर्यंत एक लहानसा पॅसेज आहे. धडधाकट माणसाच्या लक्षातही येऊ नये एवढा. यांचं सगळं आयुष्य शेवटी त्या पॅसेजमध्ये येऊन अडलं.

हे म्हणजे माझे मिस्टर. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेनखाली उभं राहून सगळी नोकरी काढलेला माणूस. पार्किन्सनने आधी यांचा हात धरला, मग पाय. हात थरथरायचा, त्याचं यांना फारसं काही नव्हतं. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे जायचं, पाय तिथेच. मी मागून कमरेला धरून ढकलायची. कधी वेळेत पोचायचो, कधी नाही. नाही पोचलो की हे माझ्याकडे बघायचेच नाहीत. मला असा संताप यायचा! राग त्या मेल्या पायांचा, पण बोलणी खायला समोर हेच असायचे. मुलगा एकदा म्हणाला, पलंगाजवळच भांड्याची खुर्ची ठेवू. तर यांनी समोरचं ताट ढकलून दिलं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. मेंदूत बारीक तारा, गळ्याच्या हाडाखाली बॅटरी, आणि आतून सतत हलका करंट. डॉक्टर भला माणूस, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "गोळीने जे सुधारतं, तेच या मशीनने सुधारेल. हात थांबेल. पण गोळी घेऊनही यांचे पाय अडकतात, त्याची खात्री मी देत नाही." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. बाहेर आल्याबरोबर हे म्हणाले, "हात गेला चुलीत. मले पाय पाहिजे. संडासले एकट्यानं जाता आलं म्हंजे झालं, मंग तुले माह्या मांगं मांगं नाई यावं लागत." जे डॉक्टर देतच नव्हते, नेमकं तेच घ्यायला आम्ही निघालो होतो.

ऑपरेशनच्या वेळी यांना जागं ठेवलं होतं. डोक्याला चौकट आवळलेली, डॉक्टर बोट उचला म्हणाले की हे उचलायचे. करंट सोडला आणि हात जागच्या जागी थांबला. घरी आल्यावर यांनी आपल्या हाताने चहा घेतला, बशी वाजली नाही. बाप्पा, काय आनंद झाला मला! मुलगा म्हणाला, "मम्मी, हो गया ना काम!" मग हे उठले, ऐटीत पॅसेजमध्ये आले, आणि पाय चिकटले.

त्यानंतर करंट कमीजास्त करून घ्यायला नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. दुर्ग स्टेशनवर गाडीची वाट बघत हे व्हीलचेअरवर, मी शेजारी. माझी चप्पल प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या पट्टीवर गेली रे गेली की हे तिथूनही ओरडायचे, "मांगं हो! पट्टीवर कावून जातं?" ही यांची जुनी खोड. प्लांटमध्ये डोक्यावरून तापलेला माल जात असतो आणि खाली पिवळी रेघ असते. ती ओलांडणाऱ्या नव्या पोरांना हे आईबापावरून शिव्या द्यायचे. चार लोकांत मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मागे सरायची.

मग सिविक सेंटरकडच्या व्यायामवाल्या बाईंनी एक उपाय सांगितला. जमिनीवर पावलापावलावर आडव्या पट्ट्या चिकटवा, डोळ्यांना पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलला जातो. मुलगा रसमड्याच्या कारखान्यात आहे, तो तिथूनच टेप घेऊन आला आणि मन लावून सगळा पॅसेज आखला. हे पहिल्या पट्टीपाशी आले आणि खांबासारखे उभे. आधी निदान टाचा तरी हलायच्या, आता तेही नाही. "बाबा, उठाओ ना पैर!" मुलगा म्हणाला. "अवो, टाका ना पुढं!" मी ओरडले. यांच्या कपाळावर घाम. "पिवळी हाय नं," हे म्हणाले. "पिवळीच्या पलीकडं नाई जात."

टेप पिवळा होता. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो, हेही हसले. अशा कारखान्यातल्या माणसांच्या घरात टेप म्हटला की पिवळाच येणार, दुसरा कोणता येणार!

पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काय सांगू, हे चालले. मी हात पाठीमागे बांधून उभी. एकेक पट्टी ओलांडत संडासापर्यंत गेले आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज ऐकून मी भिंतीला टेकून येड्यासारखी रडले. बरेच दिवस तसं चाललं. मला वाटलं, सुटलो.

मग पांढऱ्यावरही पाय अडायला लागले. एकदा संडासाच्या दारातच तोंडावर पडले, भुवई फाटली. नागपूरला करंट वाढवला तर जीभ जड झाली, कमी केला तर हात पुन्हा हलायला लागला. पाय आपले तिथेच. शेवटी डॉक्टरांनी हाताला चांगला असेल तेवढाच ठेवला आणि म्हणाले, "पायांसाठी आता माझ्याकडे काही नाही." परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हणाले, "ते पिवळी टेप कुठं ठेवली तुनं?" मी आणून दिला. "मले संडासाच्या दारापाशी बसव." स्टुलावर बसवलं. यांनी कात्रीने टेप कापला, खाली वाकले आणि दारात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पट्टी चिकटवली. अंगठ्याने दाबत दाबत नेली. कुठे सुरकुती नाही, हात जरासुद्धा हलला नाही.

"पाह्य, कशी सीधी लागली," हे म्हणाले.

"वा!" मी म्हणूनही गेले. मग माझं लक्ष पट्टीच्या रंगाकडे गेलं. "अवो, हे काय करून राहिले तुमी?"

"काम बंद इथलं. पोराले सांग, ते खुर्ची घेऊन ये म्हना."

मी भांडले, नाही नाही ते बोलले. पट्टी उपटायला वाकले तर यांनी माझं मनगट धरलं, त्याच बऱ्या झालेल्या हाताने. चांगली घट्ट पकड होती. मला सोडवता आलं नाही.

संध्याकाळी खुर्ची आली. आता भांडं घेऊन त्या दारातून मीच जाते. कधी माझा पाय पिवळ्या पट्टीवर पडतो. पलंगावरून हे बघतात, आणि ओरडत नाहीत.