दस्त्यावरचं व्हार्निश

आमच्या कॉलेजात चमक फार. गेटवरचा बोर्ड चमकतो, संस्थाचालकांची गाडी चमकते, कार्यक्रमाच्या दिवशी प्राचार्यांचे बूटसुद्धा. वाचनालयाचं छप्पर गळतं, पण पाहुण्यांना तिकडं कुणी नेत नाही. अशा कॉलेजात कवायत पथकाच्या रायफली इतकी वर्षं बिनचमकीच्या कशा राहिल्या, याचं मला आजही नवल वाटतं.

लष्करानं मोडीत काढलेल्या रायफली त्या. नळीला भोक पाडलेलं, बार कधीच निघणार नाही. खांद्यावर घेऊन चालण्यापुरत्या उरलेल्या. लाकडी दस्ते मात्र अजून टणक. पथकात येणाऱ्यानं घरून जवसाचं तेल आणायचं आणि दस्ता गरम होईस्तोवर तळहातानं चोळायचा, अशी आमची रीत. कुणी घालून दिली, ठाऊक नाही. तेल पिऊन पिऊन ते लाकूड जुन्या गुळासारखं काळपट तांबूस झालं होतं.

माझी मैत्रीण चुडाव्याहून रेल्वेनं यायची. पिशवीत डबा आणि डब्याशेजारी तेलाची बाटली. तिच्या आवाजाची तर गोष्टच वेगळी. तिनं ‘सावधान’ म्हटलं की कुंपणापलीकडच्या म्हशी चरायच्या थांबत. मुक्तिसंग्राम दिनाला पाहुण्यांना सलामी देणाऱ्या तुकडीची कमांडर तीच होणार, हे ठरलेलं होतं. आणि जो कमांडर, त्याचंच नाव दिल्लीच्या शिबिरासाठी जायचं. तिला दिल्ली हवी होती. घरात लग्नाचा विषय निघाला होता. दिल्ली मिळाली तर वर्षभर तरी त्याला कुलूप लागेल, असं ती मला सांगायची.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी पथकाचे सर बाकांना लावायच्या व्हार्निशचा डबा घेऊन आले.

“पाव्हणे येणार हायेत. आन् हे काय तेलकट, मळकट? रायफल कशी आरशावानी पायजे. फोटोत दिसली पायजे.”

मुलांनी लगेच ब्रश हातात घेतले. आमच्याकडं आज्ञाधारकपणाचा तुटवडा कधीच नसतो. मैत्रीण तेवढी उभी राहिली.

“सर, आमी घासून घासून आणलंय ते. वर रंग कशाला?”

“मला शिकवायलीस का?”

“न्हाई सर. माझ्या रायफलीला मी लावणार न्हाई, एवढंच.”

“मग मागच्या रांगेत उभी राहा. समोर शोभायची न्हाईस.”

कमांडरपद तिथल्या तिथं संस्थाचालकांच्या भाच्याला मिळालं. त्याचा आवाज शेळीच्या करडासारखा, पण नातं खणखणीत. मी मोर्चांची पत्रकं वाचत वाढलेली. माझ्या तोंडात घोषणा येऊन थांबली होती. मैत्रिणीनं माझं मनगट दाबलं.

“तू गप बस माय. तुझी घोषणा होती आन् माझी दिल्ली जाती.”

“ती तर गेलीच की.”

“गेली तर गेली. मला न्हाई म्हणायचं होतं, म्हणलं.”

तेल प्यायलेलं लाकूड, वर व्हार्निशचे दोन जाड हात आणि भादव्यातली दमट हवा. ते वाळणार कधी? सकाळी दस्ते चमकत होते खरे, पण बोट लावलं की चिकटायचं. सर म्हणाले, “हातमोजे हायेत ना? मग काय होतंय.”

पांढरे सुती हातमोजे घालून तुकडी उभी राहिली. भाच्यानं करडाच्या आवाजात ‘सलामी शस्त्र’ दिलं. रायफली समोर आल्या, झकास चमकल्या, फोटो निघाले. मग ‘बाजू शस्त्र’ झालं, म्हणजे रायफल अंगालगत घेऊन एक हात सोडायचा. हात दस्त्यावरून सुटले. हातमोजे सुटले नाहीत. पुढची सगळी रांग उघड्या हातांनी उभी, आणि रायफलींवर पांढरे पंजे लटकताहेत, वाळत घातल्यासारखे. भाचा आपला मोजा सोडवायला रायफल झटकत राहिला.

पाहुण्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. “ही नवीन पद्धत हाय का?”

“होय साहेब,” सर म्हणाले.

पाहुण्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मागच्या रांगेतल्या एका रायफलीचं ‘बाजू शस्त्र’ अगदी नेटकं झालं. तिकडं कॅमेरा नव्हता.

दिल्लीला भाच्याचं नाव गेलं. मैत्रिणीला सरांनी काचकागदाची चवड दिली. “तुला तेलाची लय हौस ना? काढ आता व्हार्निश.”

मी तिच्या सोबतीला बसले. खरवडताना व्हार्निशमधून हातमोज्यांचे पांढरे धागे निघत होते. तेवढ्यात ती म्हणाली, “काल मला बघायला आलते.”

“मग?”

“मावशी पावडरचा डबा घेऊन मागं लागली. म्हणे, पोरगी उजळ दिसली पायजे. म्हणलं, मी लावणार न्हाई, एवढंच.”

“घरचे काय म्हणाले?”

“बोलले लय. मग तसंच बसवलं.”

“आणि पाव्हणे?”

“नवरदेवाची आई म्हणली, पोरगी लय टेचात हाय. गेले पोहे खाऊन.”

तिनं खरवडलेल्या दस्त्यावर फुंकर मारली, भुगा झटकला आणि तळहातावर तेल ओतलं.